प्रकल्प नोंदी: 'आसाराले गेलता' एवढ्यावरून एका मजुराचा माग

६ जानेवारी २०२४

काम तुमसरकडच्या एका खेड्यातल्या कुटुंबाचं. घरातल्या आजीचं वय चौऱ्यांशी. तिचा आजा पहिल्या महायुद्धात 'कुठंतरी' गेला होता, तो कुठं गेला, कधी गेला, कशात होता हे शोधायचं. कुटुंबाच्या इच्छेनं नाव, गाव आणि तुकडीचा आकडा इथे देत नाही. पद्धत मात्र जशीच्या तशी देतो, चुकांसकट.

हाती आलेल्या गोष्टी तीन. एक पदक, काळं पडलेलं, दांडी तुटलेली, तिच्या जागी सोनारानं झाळून दिलेली कडी. (मधल्या पिढीत ते पोरांच्या गळ्यात ताईत म्हणून बांधायचे.) दुसरी गोष्ट, 'महार पलटणीत होता' हा घरातला ठाम समज. तिसरी, आजीचं वाक्य: "आसाराले गेलता माहा आजा. आगबोटीत बसून. लय दिवसानं आला."

वहीत मी लिहिलं: 'आसाम'. ऐकण्यातली ही चूक पुढे तीन आठवडे खाऊन गेली.

१० ते ३० जानेवारी

मध्य प्रांतातून आसामच्या चहामळ्यांवर मजूर जात, आणि ब्रह्मपुत्रेवरून त्यांना आगबोटीनंच नेत. आगबोट जुळली, आसाम जुळलं, म्हणून शंका आली नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' संकेतस्थळावर वाणिज्य व उद्योग खात्याच्या स्थलांतर शाखेच्या फायली चाळत बसलो. त्यांत नियम, भरतीचे वाद, जिल्हावार आकडे भरपूर मिळतात. मजुरांची नावं मिळत नाहीत. छपाईवर ४२० रुपये गेले, उपयोग शून्य.

खरं तर पदक समोर असताना आसामकडे जाणंच चूक होतं. चहामळ्यावर गेलेल्याला युद्धाचं पदक कशाला मिळेल? 'आधी आसाम, मग पलटण' असं मनानंच जोडून टाकलं होतं.

३ फेब्रुवारी

पदकाकडे वळलो. जे पहिल्या दिवशी करायचं ते एकोणतिसाव्या दिवशी.

पुढच्या बाजूला पंचम जॉर्जचा मुखवटा. मागे उघडा घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली ढाल, कवटी आणि हाडं, कडेला १९१४ आणि १९१८. व्यास ३६ मिलिमीटर. हे 'ब्रिटिश वॉर मेडल'. लोक याची गल्लत 'विजय पदका'शी करतात. त्यावर पंखवाली बाई असते, घोडेस्वार नसतो.

आता महत्त्वाचं. हे पदक लढणाऱ्या शिपायांना चांदीचं मिळालं, मजूर तुकड्यांना कांस्याचं. शंभर वर्षांच्या काळेपणाखाली दोन्ही सारखीच दिसतात. कडी झाळलेल्या जागी धातू उघडा पडला होता, तिथे भिंगातून पाहिलं तर तांबूस. कांस्य. म्हणजे 'पलटण' बाद. १११वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ साली मोडली. महारांची भरती १८९०च्या दशकात बंद झालेली, ती या लढाईत पुन्हा सुरू झाली. त्यामुळे काळ अगदी जुळत होता, आणि घरातला समज कुठून आला तेही कळतं. पण त्या पलटणीतल्या शिपायाला चांदीचं मिळालं असतं.

घरच्यांना हे सांगताना जरा जपून सांगावं लागलं. नातू म्हणाला, "म्हणजे सोल्जर नव्हता?" तो मजूर होता, लढाईवरच होता, आणि सरकारनं कडेवर नाव कोरून दिलंय, असं सांगितलं. मग तो भिंग मागायला लागला.

४ फेब्रुवारी: कड वाचणे

पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी असते. याच्याइतका पक्का कागद दुसरा नाही. आपल्याकडे मात्र सणासुदीला चिंच नाहीतर पितांबरी लावून घासायची रीत. दर घासणीला अक्षरं थोडी जातात. या पदकाची तीच गत होती.

काय केलं, क्रमानं सांगतो.

आधी टाचणीनं मळ कोरायला गेलो. हे करू नका. कडेवरच्या इंग्रजी 'ए'च्या बाजूला एक नवी रेघ उठली, ती आता कायमची.

मग कोमट पाण्यात मऊ ब्रश फिरवला, सुती कापडानं टिपलं, तासभर वाळू दिलं. साबण नाही, लिंबू नाही.

बटर पेपरची १२ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद पट्टी कापली. ३६ मिलिमीटर व्यासाचा परीघ ११३ मिलिमीटर भरतो, म्हणून १२ पुरते. पट्टी कडेभोवती ताणून दोन्ही टोकं चिकटपट्टीनं धरली आणि ६बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासली. एचबी पेन्सिलनं पहिला प्रयत्न केला होता, ती कागद फाडते.

शेवटी खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च कडेला जवळजवळ टेकवला आणि पदक थोडं थोडं फिरवत फोटो काढले. उजेड वरून टाकला तर काहीच दिसत नाही. आडवा टाकला की अक्षराची सावली पडते. २६ फोटो काढले, कामाचे ९.

वाचलेलं: क्रमांकाचा पहिला अंक सोनाराच्या झाळीखाली गेलेला, पुढचे तीन स्पष्ट. नंतर 'कुली'. नंतर नाव, एकच शब्द, आडनाव नाही. मग एक अंक, त्याच्या आधी घासून सपाट झालेली जागा, आणि 'लेबर कोअर', म्हणजे मजूर तुकडी.

त्या सपाट जागी १ आहे की काहीच नाही, यावर तुकडी ठरणार. एकेरी आकड्याची कोअर वेगळी, दहाच्या वरची वेगळी. नुसत्या क्रमांकावर भिस्त ठेवू नका. प्रत्येक तुकडीचे क्रमांक स्वतंत्र असत, एकच क्रमांक अनेक तुकड्यांत सापडतो.

झाळ काढून घेण्याचा सल्ला एका कारागिरानं दिला. त्याला पदक तापवावं लागतं. नको म्हटलं. झाकलेला अंक झाकलेला राहू दे.

११ फेब्रुवारी: आजीकडे दुसरी फेरी

या वेळी फोनवर ध्वनिमुद्रण केलं, आणि प्रश्न विचारण्याऐवजी नुसतं 'आणि काय आणलं होतं त्यानं' एवढंच म्हटलं. उत्तर: "खजूर आनले होते म्हनत. आनी घोंगडा." ध्वनिफीत चार वेळा ऐकली. शेवटचं अक्षर 'म' नाहीच. आसार. आसाराले.

अशार. इराकातल्या बसरा बंदराचा खाडीकाठचा भाग, जिथे लढाईच्या काळात सगळा माल उतरायचा. खजूर आसामात पिकत नाही, एवढं तरी आधी सुचायला हवं होतं, पण पहिल्या फेरीत मी विचारलंच नव्हतं.

जुन्या माणसांचे शब्द ऐकू आले तसेच लिहा, अर्थ नंतर लावा. माझ्या वहीत 'आसाराले' असं लिहिलेलं असतं तर महिना वाचला असता.

१६ फेब्रुवारी

आता चित्र असं: बसऱ्याला नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौजा पोचल्या. एप्रिल १९१६ मध्ये बसरा आणि बगदादच्या मधल्या कुटला ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांना शरण गेली, त्यानंतर बंदर, धक्के, रस्ते, रेल्वे, पुराचे बांध यांसाठी हिंदुस्थानातून मजूर ओढले गेले. मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतलं. आपला माणूस या कामांत कुठेतरी. कधी, ते गावच्या कागदांतून काढायचं.

१९ फेब्रुवारी ते ८ मार्च: कोतवाल पंजी

विदर्भात जात पडताळणीसाठी धावपळ केलेल्या कुणालाही कोतवाल पंजी माहीत असते. कोतवाल गावातले जन्म-मृत्यू कळवायचा, मौजावार नोंद व्हायची. जमीन नसलेल्या माणसाचा माग याच वहीत लागतो. सातबारा, अधिकार अभिलेख, पी-१ या जमिनीच्या कागदांत मालगुजार आणि कास्तकार सापडतील, मजूर क्वचित. त्या कागदांवर मी एक दिवस घालवला, घालवायला नको होता.

पहिला घोळ तहसिलीचा. आजच्या तालुक्याला गेलो. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे भंडारा जिल्ह्यात तुमसर वेगळी तहसील नव्हती, हा भाग भंडारा तहसिलीत यायचा. जुन्या वह्या जुन्या तहसिलीच्या अभिलेख कक्षात राहिलेल्या असू शकतात, दोन्हीकडे विचारा. गोंदियाकडच्यांनी लक्षात ठेवा, तुमचा जिल्हा १९९९चा आहे, त्याआधीचं सगळं भंडाऱ्याच्या नावानं. गडचिरोलीचं १९८२च्या आधीचं चंद्रपुरात, आणि इंग्रजी कागदांत ते 'चांदा'. वाशीमचं १९९८च्या आधीचं अकोल्यात.

दुसरा घोळ मौजाचा. एकाच नावाची दोन गावं, एक बुजरूक, एक खुर्द, शिवाय त्याच नावाची एक रिठी, म्हणजे ओसाड गाव. अर्जात नुसतं गावाचं नाव लिहिलं तर जी वही आधी हाताला लागेल ती पुढे येते. बंदोबस्त क्रमांक आणि जुना पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडच्या गावांचा गट) लिहा. हे दोन्ही तलाठ्याकडे मिळतात.

अर्ज: साध्या कागदावर, कोर्ट फी तिकीट लावून, मौजा, वर्षं आणि कशासाठी ते. '१९१४ ते १९२२ जन्म व मृत्यू' असं मागितलं. आधी पाहणी मागा, नक्कल नंतर. पानं पाहिल्याशिवाय नक्कल मागितली तर चुकीच्या पानाचे पैसे भरता.

एका वर्षाची वही नाहीच. वाळवीनं खाल्ली की कुठे गेली, कुणाला सांगता आलं नाही. दोन वर्षांची मोडीत, बाकी बाळबोध. मोडीसाठी वाचक धरला, पानाला १५० रुपये, आठ पानं. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडून लिहीत नाहीत, म्हणून नाव आणि बापाचं नाव एकाला एक चिकटून येतं. वाचकाला आधीच दोन्ही नावं देऊ नका. दिली की त्याला तीच दिसायला लागतात. पान द्या, काय आहे ते वाचायला सांगा.

९ मार्च: नावाची गफलत

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. शोध बापाच्या नावावर. आपल्या माणसाचं नाव तेव्हा घरटी एक असायचं असं. पहिल्या यादीत त्याच्या नावावर सात मुलं निघाली, त्यांतली दोन अडीच महिन्यांच्या अंतरानं. म्हणजे माणसं दोन. बापाच्या बापाचं नाव असलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या तेव्हा सातातली चार दुसऱ्याची निघाली. दोन फेऱ्या पाण्यात, ६८० रुपये.

उरलेल्या तीन: मुलगी १९१४. मुलगा ऑक्टोबर १९१६. मुलगा जून १९२१.

मधली पोकळी हाच पुरावा. ऑक्टोबर १९१६चा मुलगा म्हणजे त्या सालच्या जानेवारीत बाप घरी होता. जून १९२१चा मुलगा म्हणजे सप्टेंबर १९२०च्या सुमारास परत आलेला होता. पदक मिळायला ११ नोव्हेंबर १९१८च्या आधी सेवेत असणं भाग. तेव्हा जाणं १९१६ ते १९१८ यांच्या मध्ये, येणं १९२०च्या पावसाळ्यापर्यंत. आठ वर्षांच्या वह्यांतून एवढंच निघालं, पण पक्कं निघालं. (गहाळ वही १९१९ची. त्या साली जन्म असता तर हिशेब बदलला असता, पण घरात त्या वयाचं कुणी झाल्याची आठवण नाही.)

मृत्यूच्या बाजूला त्याची आई सापडली. १९१८चा नोव्हेंबर. त्या पानाबद्दल थोडं लिहितो. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरून 'ताप', 'ताप', 'ताप' सुरू होतं. सातव्या-आठव्या ओळीपासून लिहिणाऱ्यानं 'सदर' लिहायला घेतलंय, आणि पानाच्या तळाशी नुसती उभी रेघ ओढलीय. त्या सालच्या साथीचा, इन्फ्लुएन्झाचा तडाखा मध्य प्रांताला फार जबर बसला होता. साथीचं नाव पानावर कुठेच नाही. त्या महिन्यातली तुमच्या घरची नोंद 'ताप' असेल तर नेहमीचा हिवताप समजून पुढे जाऊ नका, शेजारची पानं पाहा.

१७ मार्च: सपाट जागेचा निकाल

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फक्त मेलेल्यांची नावं असतात, पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतची. आपला माणूस जिवंत परतला, तेव्हा तो तिथे नाही. बरेच जण नाव टाकतात, सापडत नाही, आणि 'नोंदच नाही' म्हणून सोडून देतात.

उपयोग दुसराच. त्याच तुकडीतले मेलेले शोधायचे. तुकडीच्या जागी 'लेबर कोअर', सैन्य हिंदी, देश इराक. दोन्ही संभाव्य आकड्यांच्या याद्या वेगळ्या उतरवून घेतल्या. काही नावांपुढे बापाचं नाव, गाव, तहसील, जिल्हा असतो. पुष्कळांपुढे काहीच नसतं. जिल्ह्यांची स्पेलिंगं इंग्रजांच्या कानाला आली तशी. ती मोठ्यानं वाचायची, तरच गाव ओळखू येतं. डोळ्यांनी वाचलं तर निसटतं.

एका यादीत मध्य प्रांतातले जिल्हे पुन्हा पुन्हा दिसले. दुसरीत एकही नाही. पहिलीचा आकडा दहाच्या वरचा. पट्टी काढून पुन्हा भिंगाखाली धरली, सपाट जागेच्या खालच्या टोकाला एक बारीक आडवी टाच दिसते, १च्या पायासारखी. आधी ती ओरखडा समजून सोडली होती. आता हव्या त्या जागी हवं ते दिसतंय की काय, म्हणून पट्टी दोघा तिऱ्हाइतांना काही न सांगता दाखवली. एकानं १ म्हटलं, एकानं 'काहीतरी आहे' म्हटलं. वहीत 'बहुतेक' लिहिलंय.

त्या यादीतल्या मृत्यूंच्या तारखा लावल्या की तुकडी कोणत्या महिन्यांत इराकात होती त्याचा अंदाज येतो. त्यांतले बहुतेक बसरा स्मारकावर. हे स्मारक आधी बसऱ्याजवळ माकिलच्या गोदीत होतं, १९९७ मध्ये नासिरियाकडे हलवलं. त्याच्या दगडावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत, बाकी हिंदी लोकांचे तुकडीवार नुसते आकडे. ही वागणूक असमान होती हे कमिशननं २०२१च्या अहवालात कबूल केलं. नावं आता संगणकावर आहेत, दगडावर अजून आकडेच.

२४ मार्च

सैनिक कल्याण कार्यालयात जावं का, असं नातवानं विचारलं. दुसऱ्या महायुद्धातल्या माणसासाठी जरूर जावं. पहिल्या युद्धातल्या मजुरासाठी नको, पेन्शन नसेल तर तिथे कागद असण्याचं कारण नाही. पंजाबातल्या भरतीच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि संगणकावर आल्या, त्यामुळे 'तिकडे नाव टाका' असा सल्ला मिळतो. त्या फक्त पंजाबच्या.

दुसऱ्या युद्धाचं पदक घरात असेल तर एक गोष्ट. ब्रिटिश शिपायांना ती पदकं नावाशिवाय मिळाली, हिंदी सैन्यातल्यांना नाव कोरून. कड आणि पाठ दोन्ही पाहा.

६ एप्रिल: परतल्यावर

जून १९२१च्या मुलाचा शाळेचा दाखल-खारीज मिळाला, १९२८चा. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून काढून दिला, एक रुपया घेतला नाही. पालकाच्या धंद्याच्या रकान्यात 'खाणीत मजुरी'. आडनाव याच नोंदीत पहिल्यांदा येतं. पदकावर नाही, पंजीत नाही. म्हणून आडनावानं शोधायला बसलेल्यांना १९२०च्या मागे काहीच सापडत नाही.

खाण म्हणजे मँगनीजची, चिखला किंवा डोंगरी बुजरूक. कंपनीच्या कागदांत नाव शोधायचा मोह टाळला. खाणीत माणसं ठेकेदाराच्या हाताखाली असत, कंपनीला संख्या माहीत, नावं नाहीत. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये पूर्वज असलेल्यांची गोष्ट वेगळी. ती टाटांची, १८७७ची, आणि तिथे भविष्य निर्वाह निधी लवकर सुरू झाला होता. त्यांनी पुण्याच्या टाटा सेंट्रल अर्काइव्ह्जला पत्र टाकून पाहावं.

७ एप्रिल

आतापर्यंतचा खर्च ४,९७० रुपये, त्यात प्रवास २,१००. दिवस मोजले तर एकवीस, त्यातले नऊ आसाम आणि नावाच्या गफलतीत.

१९१९ची वही राहिली. पोलीस ठाण्याकडेही जन्म-मृत्यूची प्रत जायची, तिथे विचारणा केलीय.

१३ एप्रिल

कडेची पट्टी वहीत डिंकानं चिकटवली होती. डिंकाचं पाणी बटर पेपरमधून वर आलं आणि पेन्सिल पसरली, नावाची पहिली दोन अक्षरं गेली. पुन्हा घासून घेतली, या वेळी दोन प्रती. एक सुकी पाकिटात, एक आजीच्या पेटीत पदकाबरोबर. पदक सुती कापडात. पितांबरीचा डबा सुनेनं आपणहून दुसऱ्या फळीवर ठेवला.